दोषारोप एकत्र चालावेत की वेगळे?



शहादा-तळोद्याच्या सालदारांच्या आणि शेतमजुरांच्या लढ्याचा विषय निघाला की अंबरसिंग सुरतवंतींचे नाव निघते, मोर्चे आणि सभा आठवतात; कोर्टाच्या तारखा मात्र कोणी आठवीत नाही. मे १९७१ मध्ये पाटीलवाडीस गोळीबार होऊन एका आदिवासीचा बळी गेला. हा मुलूख तेव्हा धुळे जिल्ह्यात होता; नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला. जमिनीच्या वा मजुरीच्या संघर्षातून बहुधा दोन फिर्यादी जन्मास येतात. मालक म्हणतो, जमाव चालून आला, धान्य लुटले. मजूर म्हणतो, मालकाच्या माणसांनी मारले. या दोहोंची सुनावणी कशी व्हावी, हा प्रश्न केवळ वकिलांवर सोपवून चालणार नाही.

मूळ नियम असा की प्रत्येक भिन्न गुन्ह्यास स्वतंत्र दोषारोप आणि स्वतंत्र खटला. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तो कलम २१८ मध्ये होता; १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेत तो कलम २४१ मध्ये आहे. आरोपांची रास रचली की न्यायाधीशाचे मन नकळत कलुषित होते आणि एका आरोपाचा दुबळा पुरावा दुसऱ्याच्या आधाराने उभा राहतो, हे त्यामागचे कारण. दोन वर्षांत पसरलेल्या ४१ कृत्यांचा एकच खटला प्रिव्ही कौन्सिलने १९०१ साली बेकायदा ठरविला होता. पण १९०८ मध्ये 'केसरी'तील दोन लेखांवरील तीन आरोप टिळकांविरुद्ध एकाच खटल्यात चालले, आणि तीन-तीन वर्षांच्या दोन शिक्षा एकामागून एक जोडून सहा वर्षे झाली. मीरतेस तर कटाच्या एका धाग्यात डांगे, निंबकर, मिरजकर यांच्यासह देशभरचे कार्यकर्ते ओवले गेले, आणि खटला १९२९ पासून १९३३ पर्यंत रेंगाळला.

अपवाद अर्थात आहेत. एकाच व्यवहारात घडलेले गुन्हे एकत्र चालू शकतात. बारा महिन्यांतील एकाच प्रकारचे तीन गुन्हे पूर्वी एकत्र घेता येत. नव्या संहितेने ती संख्या पाच केली. सरकारी वकिलाची ही सोय आरोपीला सोयीची असेलच असे नाही. तरीही धडगावच्या डोंगरातून रोज बुडवून तारखेस येणाऱ्या माणसाला पाच खटल्यांपेक्षा एक खटला परवडतो, हेही खरेच. म्हणूनच कायद्याने त्याला स्वतः लेखी अर्ज करण्याची मुभा दिली आहे. त्याच्या बचावास बाध येत नाही असे मॅजिस्ट्रेटला वाटल्यास आरोप एकत्र चालविता येतात. ही तरतूद आमच्या किती कार्यकर्त्यांना ठाऊक आहे?

परस्परविरोधी फिर्यादींची गोष्ट निराळी. त्या एकत्र केल्या तर एकच माणूस आरोपी आणि साक्षीदार दोन्ही होऊन बसेल. दोन न्यायाधीशांपुढे गेल्या तर एकाच घटनेचे दोन परस्परविरोधी निवाडे निघू शकतील. सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये नथीलाल प्रकरणी रीत घालून दिली: न्यायाधीश एकच, सुनावणी लागोपाठ, पण पुरावा वेगळा, एका खटल्यातील साक्ष दुसऱ्यात वापरायची नाही आणि दोन्ही निकाल पाठोपाठ द्यायचे. एक खटला सत्र न्यायालयाचा असेल तर दुसराही तेथेच पाठविता येतो, हे २००१ मध्ये स्पष्ट झाले. व्यवहारात मात्र मालकाची फिर्याद वेगाने पुढे सरकते आणि मजुराची फिर्याद तपासातच अडकून राहते. तेव्हा उलट फिर्याद त्याच दिवशी नोंदवून घेणे आणि दोन्ही खटले एकाच न्यायाधीशापुढे नेण्याचा अर्ज साक्षी सुरू होण्यापूर्वी दाखल करणे, हे काम शाखेचे आहे.