आकाशातील झुंज आणि लटके विमान



चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या धानाच्या बांध्यांवर फिरणारा कोतवाल पक्षी आपण पाहिलाच असेल. काळा रंग, दुभंगलेली शेपटी, अंग अगदी लहान. पण घार घरट्याजवळ आली, की तिला तो हाकलून लावतो. कसा? समोरासमोर भिडत नाही. आधी तिच्या वर चढतो, पाठीवर झेपावतो, टोच मारतो आणि त्याच वेगात पुन्हा वर निघून जातो. विमानांच्या झुंजीचे मर्म हेच आहे.

हल्ली संगणकावर लढाऊ विमानाचा खेळ मिळतो. त्याला सिम्युलेटर म्हणतात. आपण त्याला लटके विमान म्हणू. नवखा मुलगा शत्रू दिसला रे दिसला, की दांडी ओढून गरगर वळू लागतो. चार-दोन वळणांत वेग सरतो, वरून दुसरा येतो, आणि खेळ आटोपतो. असे का बरे व्हावे?

उंची म्हणजे कणगीतले धान्य आणि वेग म्हणजे हातातला पैसा. धान्य विकून पैसा येतो, पैशातून धान्य भरता येते. ताशी 720 किलोमीटर वेगाच्या विमानात, हवेचा विरोध सोडून दिला, तर सुमारे 2000 मीटर वर चढण्याइतकी शक्ती साठलेली असते. जोराचे वळण मात्र उधळपट्टीचे. 60 अंश कलून, उंची न सोडता वळले, की आपले वजन दुप्पट भासते, हवेचा विरोध वाढतो आणि शक्ती खर्ची पडते. शिवाय कल तोच ठेवून वेग दुप्पट केला, तर वळणाचा घेर चौपट होतो. म्हणून जाणता वैमानिक वेग जास्त झाला असेल तर आधी वर चढतो, वेग उतरला की लहान घेरात वळतो, मग खाली झेपावतो. त्याचा वेग वाया गेला नाही. कणगीत जमा झाला.

दुसरी गोष्ट नजरेची. जर्मन वैमानिक ओस्वाल्ड ब्योल्के याने 1916 साली झुंजीचे नियम लिहिले. सूर्य पाठीशी ठेवा, अगदी जवळ गेल्यावरच गोळी झाडा, शत्रूला मागून गाठा, असे ते नियम. ज्याने आधी पाहिले, त्याची निम्मी लढाई तिथेच झाली.

पण हे शिकायचे कुठे? खऱ्या आकाशात चुकीची किंमत फार. आपले इंद्रलाल रॉय यांनी जुलै 1918 मध्ये दोन आठवड्यांच्या आत दहा विजय मिळवले, आणि 22 जुलैला ते झुंजीतच पडले. वय अवघे एकोणीस. पुढे 1929 साली अमेरिकेत एडविन लिंक याने जमिनीवरचे लटके विमान बनवले. त्याच्या वडिलांचा वाद्ये बनवण्याचा कारखाना होता. त्याने विमान डोलवायला वाद्याचेच भाते वापरले. आपल्या पेटीला असतो, तसा भाता! चूक स्वस्तात व्हावी, हा त्या यंत्राचा उपयोग.

1965 च्या युद्धातले वैमानिक प्रकाश पिंगळे यांचे उदाहरण घ्या. 6 सप्टेंबरला हलवाऱ्यावर त्यांचे हंटर विमान पडले. ते हवाई छत्रीने उतरले. दहाच दिवसांनी, 16 सप्टेंबरला, त्यांनी शत्रूचे सेबर पाडले. त्याच झुंजीत त्यांचे सोबती बन्शा मात्र धारातीर्थी पडले. दुसरी संधी प्रत्येकाला मिळत नाही.

म्हणून शिक्षकमित्रांनो, एवढे करा. मुलाचे लटके विमान पडले, की लगेच पुन्हा कळ दाबू देऊ नका. आधी वहीत तीन उत्तरे लिहू द्या : उंची किती होती? वेग किती होता? शत्रू प्रथम कुठे दिसला? मग फळ्यावर वळणाचा घेर काढा. संगणक नसला, तरी उतारावरून पायडल न मारता सायकल सोडा, आणि समोरच्या चढावर ती कुठवर जाते ते मोजा. गणित तेच आहे.

ज्या मुलाला आपण का पडलो हे सांगता येते, त्याचा खेळ फुकट गेला नाही. बाकीचा वेळ मात्र नुसता करमणुकीचा.