निर्देशांकातले यवतमाळ

संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाने 2025 साली प्रसिद्ध केलेल्या मानव विकास अहवालात 193 देशांमध्ये भारताचा क्रमांक 130 वा आहे. असा आकडा आला की राज्यकर्ते देश वर सरकल्याचे सांगतात आणि विरोधक श्रीलंकेकडे बोट दाखवितात. यवतमाळच्या कापूस उत्पादकाच्या पदरी या वादातून काहीच पडत नाही.

निर्देशांकाला तुच्छ लेखण्याचे मात्र कारण नाही. महबूब उल हक यांनी 1990 मध्ये तो मांडला. त्यामागे अमर्त्य सेन यांचे चिंतन होते. आयुर्मान आणि शिक्षण यांना त्याने दरडोई उत्पन्नाच्या पंक्तीला बसविले. महाराष्ट्राच्या 2002 च्या अहवालात हीच पद्धत जिल्ह्यांना लावली गेली, तेव्हा मुंबई शिखरावर आणि यवतमाळ तळाच्या जिल्ह्यांत दिसले. राज्याच्या सरासरीने झाकलेले त्यामुळे उघडे पडले.

परंतु जिल्ह्याचा आकडाही अखेर सरासरीच. त्यात यवतमाळ शहर आणि झरी जामणीतला कोलाम पोड एकाच तागडीत बसतात. शिवाय कर्जाला या निर्देशांकात रकानाच नाही. 2017 च्या हंगामात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. देशाच्या आयुर्मानाच्या कोष्टकात एवढ्याने काय हलणार?

आकड्याआधी व्याख्या येते, आणि व्याख्या करणाऱ्याच्या हाती सत्ता असते. शेतकरी आत्महत्यांच्या नोंदीत ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ असे दोन रकाने आहेत. सातबारा कुटुंबाच्या नावे नसेल, कर्ज परवाना नसलेल्या सावकाराचे असेल, तर मृत्यू दुसऱ्या रकान्यात जातो. मक्त्याने जमीन कसणारा तेथेच सापडतो. (‘अपात्र’ हा शब्द प्रथम कोणा कारकुनाला सुचला असेल, देव जाणे!)

2021 मध्ये व्हावयाची जनगणना झाली नाही. गावपातळीवर जनगणनेचे आकडे वर्षानुवर्षे 2011 चेच वापरले गेले. तेव्हा मारेगाव, घाटंजी, केळापूरच्या कार्यकर्त्यांनी आपल्या गावाची नोंद स्वतःच करावी : मक्त्याची जमीन किती, कर्ज कोणाचे व व्याज काय, बाळंतिणीला दवाखाना किती कोसांवर. ती नोंद ग्रामसभेत वाचावी, ठरावात घ्यावी आणि तहसील कचेरीतून तिची पोच मागावी.