लंडनची मुक्तद्वार संग्रहालये : एका दिवसाची आखणी



तिकीट काढून संग्रहालयात शिरलेल्या मनुष्याला दिलेले पैसे वसूल करावयाचे असतात. त्यामुळे तो प्रत्येक दालनातून धावतो आणि बाहेर पडतो तेव्हा पाय दुखत असतात, स्मरणात मात्र फारसे काही उरलेले नसते. प्रवेश विनामूल्य असला की ही सक्ती राहत नाही. अर्धा तास पाहून निघावे, वाटल्यास पुन्हा यावे, असे स्वातंत्र्य मिळते. लंडन शहरातील प्रमुख राष्ट्रीय संग्रहालये आज अशी मुक्तद्वार आहेत. तेथे एक दिवस कसा घालवावा, याचा विचार शाळेची सहल आखणाऱ्या शिक्षकासही उपयोगी पडावा.

हे मुक्तद्वार सहजासहजी उघडलेले नाही. सर हॅन्स स्लोन यांच्या संग्रहातून १७५३ साली पार्लमेंटच्या कायद्याने ब्रिटिश म्युझियम स्थापन झाले आणि १५ जानेवारी १७५९ रोजी ते लोकांसाठी खुले झाले. प्रवेशास पैसा पडत नसे. परंतु प्रारंभी त्यासाठी आगाऊ लेखी अर्ज करून प्रवेशपत्र मिळवावे लागे. अक्षरशत्रू मजुराला असा मोफत प्रवेश असून नसल्यासारखाच होता. १८५७ साली साउथ केन्सिंग्टन येथे जे संग्रहालय उभे राहिले, त्याचे पहिले संचालक हेन्री कोल यांनी ही अडचण ओळखली. काही दिवस प्रवेश विनामूल्य ठेवून त्यांनी दालनांत गॅसचे दिवे लावले आणि दिवसभर राबणाऱ्या कामगाराला सायंकाळी तेथे येता येईल अशी सोय केली.

पुढे पारडे उलटही फिरले. १९७४ साली ब्रिटिश म्युझियमलाही काही काळ प्रवेशशुल्क आकारावे लागले. १९८० नंतरच्या दशकात अन्य काही राष्ट्रीय संग्रहालयांनी शुल्क सुरू केले. अखेर डिसेंबर २००१ पासून त्यांच्या कायम संग्रहांसाठी ते रद्द झाले. अर्थात विनामूल्य म्हणजे बिनखर्ची नव्हे. पहारेकऱ्याचे वेतन, दिवाबत्ती, वस्तूंची निगा यांचा मोठा भार सरकारी अनुदानावर, म्हणजे करदात्यांवर पडतो. संग्रह जनतेचा आहे, म्हणून दारात पुन्हा पैसे मागू नयेत, हे त्यामागील तत्त्व होय.

आता प्रत्यक्ष आखणी. पहिली गोष्ट वाराची. शुक्रवार निवडावा, कारण त्या दिवशी ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट ही तिन्ही संग्रहालये सायंकाळी उशिरापर्यंत उघडी असतात. डिसेंबरमधील नाताळाचे दिवस मात्र टाळावेत. दुसरी गोष्ट चौकशीची. प्रवेश विनामूल्य असला तरी वेळ आगाऊ नोंदविलेली बरी, आणि जे दालन पाहावयाचे ते दुरुस्तीसाठी बंद नाही ना, याची खातरजमा करावी. विशेष प्रदर्शनांना बहुधा वेगळे तिकीट पडते, हेही ध्यानात ठेवावे. सामान हलके असावे. दारात पिशव्यांची तपासणी होते.

सकाळी दहाला ब्रिटिश म्युझियमपासून प्रारंभ करावा. तेथे अडीच तासांत दोनच गोष्टी नीट पाहाव्यात. पहिली रोझेटा शिला. १७९९ साली ईजिप्तमध्ये सापडलेल्या या शिळेवर एकच आज्ञा तीन लिप्यांत कोरलेली आहे. त्यांतील ग्रीक मजकूर वाचता येत होता. त्याच्या आधारे शांपोल्यों यांनी १८२२ साली चित्रलिपीचे कोडे उलगडले. दुसरी गोष्ट म्हणजे आंध्रातील अमरावतीच्या बौद्ध स्तूपाची शिल्पे. त्यांच्यापुढे उभा असलेला भारतीय केवळ परदेशी पाहुणा राहत नाही.

दुपारचा फराळ उरकून दक्षिणेकडे सुमारे वीस मिनिटे चालत गेले की ट्राफल्गार चौक लागतो. १८२४ साली सरकारने विकत घेतलेल्या ३८ चित्रांपासून सुरू झालेली नॅशनल गॅलरी तेथे आहे. पश्चिमेकडील श्रीमंत वस्तीतून गाडीने आणि पूर्वेकडील गरीब वस्तीतून पायी, दोघांनाही पोचता यावे, हा ती जागा निवडण्यामागील एक हेतू होता. येथे एका दालनात बसून चारपाच चित्रे पाहावीत. बाके त्यासाठीच ठेवलेली असतात.

नंतर जवळच्या लेस्टर स्क्वेअर स्थानकावरून पिकॅडिली मार्गाच्या भुयारी रेल्वेने साउथ केन्सिंग्टन गाठावे. तेथे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, निसर्गेतिहास संग्रहालय आणि विज्ञान संग्रहालय अशी तीन मुक्तद्वार संग्रहालये शेजारी शेजारी आहेत. मोह येथेच आवरावा लागतो. तिन्हींपैकी एकच निवडावे. मुले बरोबर असतील तर दुपार निसर्गेतिहास संग्रहालयाला द्यावी आणि त्या बदल्यात नॅशनल गॅलरी वगळावी. कारण ते संध्याकाळी सहाच्या आतच बंद होते. तेथील भव्य दालनात टांगलेला निळ्या देवमाशाचा सांगाडा सुमारे २५ मीटर लांबीचा आहे. इतरांनी सायंकाळ व्हिक्टोरिया अँड अल्बर्टला द्यावी.

या शेवटच्या संग्रहालयाशी महाराष्ट्राचा दुहेरी संबंध आहे. त्याला हे नाव १८९९ साली मिळाले. मुंबईत भायखळ्याला त्याच नावाचे संग्रहालय त्याआधीच, १८७२ साली खुले झाले होते. १९७५ साली त्यास डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले. दुसरा संबंध वाघनखांचा. सातारचे रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ यांच्या घराण्याकडून लंडनच्या संग्रहात आलेली ही वाघनखे परंपरेने छत्रपती शिवाजी महाराजांची मानली जातात, तथापि संग्रहालयाच्या मते ते पुराव्याने सिद्ध करता आलेले नाही. २०२४ च्या जुलैत ती ठरावीक मुदतीसाठी साताऱ्याच्या संग्रहालयात प्रदर्शनासाठी आली.

येथे मुक्तद्वाराची मर्यादाही दिसते. लंडनचे दार सर्वांना उघडे आहे. परंतु अमरावतीच्या शेतकऱ्याला किंवा साताऱ्याच्या शाळकरी मुलाला विमानाचे भाडे परवडले तरच तो त्या दारापर्यंत पोचणार. तिकीट माफ झाले, तरी अंतर माफ होत नाही. आपल्या तालुक्यातही हेच खरे आहे. जिल्ह्याच्या संग्रहालयाचे शुल्क नाममात्र असते. खेड्यातील मुलाला अडवितो तो एस. टी.चा खर्च आणि बुडालेली एका दिवसाची शाळा.

म्हणून सहल आखताना पंचायतीने प्रथम प्रवासखर्चाची तरतूद पाहावी. शिक्षकाने साप्ताहिक सुटीचा वार विचारून घ्यावा, आगाऊ पत्र पाठवावे आणि शक्यतो एकदा स्वतः जाऊन तीन वस्तू निवडाव्यात. मुलांना त्या तीन वस्तूंपुढे पुरेसा वेळ उभे करावे, वहीत चित्र काढू द्यावे आणि वस्तू कोठून आली, कोणी घडविली, येथे कशी पोचली, एवढे तीन प्रश्न विचारावेत. बाकीची दालने राहिली तरी खंत बाळगू नये. ती पाहण्यासाठी पुन्हा यावे, असे ज्या मुलाला वाटले, त्याची सहल सफळ झाली.