वर्गातल्या मुली कुठे गेल्या?

(सावित्रीबाई फुले जयंतीच्या दिवशी करमाड येथे झालेल्या महिला मेळाव्यातील भाषण. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मला आज 'मुलींचे शिक्षण' हा विषय दिला होता. तो मी थोडा बदलून घेतला आहे. मुलींना शिकवा, हे सांगून आता पावणेदोनशे वर्षं झाली. आपल्या गावातल्या मुलीही सकाळी दप्तरं घेऊन फाट्यावर उभ्या असतात, ते तुम्ही रोज बघता. मला बोलायचं आहे ते शिकून झाल्यानंतरचं. परीक्षा झाली, निकाल लागला, आणि मग त्या वर्गातल्या मुली गेल्या कुठे?

हा प्रश्न मला पुस्तकातून सुचलेला नाही. मागच्या मे महिन्यात आमच्या एम.एस.डब्ल्यू.च्या वर्गाचा स्नेहमेळावा झाला, तिथे सुचला. आम्ही २०११ साली पास झालो. म्हणजे चौदा वर्षांनी भेटायचं होतं. आमच्या वर्गात बत्तीस जण, त्यातल्या बारा मुली. मेळाव्याला मुलगे सतरा आले. मुली आलो तीन.

आता तुम्ही म्हणाल, यात काय नवल? बायांना घरचं असतं. पण मैत्रिणींनो, हा वर्ग समाजकार्याचा होता. स्त्रियांचं सबलीकरण हा आमचा शंभर मार्कांचा पेपर होता. आठवड्यातून दोन दिवस आम्ही वस्त्यांमध्ये क्षेत्रकार्याला जात होतो, बायांना घराबाहेर काढा म्हणून सांगत होतो. आणि त्याच वर्गातल्या बारापैकी नऊ जणी एका संध्याकाळी घराबाहेर पडू शकल्या नाहीत. पडू शकल्या नाहीत असंही म्हणता येत नाही, कारण त्यांच्यापर्यंत निरोपच गेला नव्हता.

ज्या मित्राने सगळं जमवलं होतं त्याला मी विचारलं. तो म्हणाला, "अगं, मुलींचे नंबर सापडलेच नाहीत. नावं बदललीत ना. मुलांचं कसं, एकाला विचारलं की चौघांचा पत्ता लागतो." तो वाईट माणूस नाही, मनापासून राबला होता. पण मेळावा ठेवला होता संध्याकाळी सहा वाजता, शहरातल्या हॉटेलात, वर्गणी हजार रुपये, जेवण रात्री दहाला. गावाकडची शेवटची एसटी कधी सुटते, हा विचार ठरवणाऱ्या पाच जणांपैकी एकाच्याही डोक्यात आला नाही. ते पाचही पुरुष होते.

आम्हा तिघींना गुलाबाची फुलं वाटायला उभं केलं. ओळख करून देताना मुलांची ओळख त्यांच्या नोकरीने झाली आणि आमची 'सौ.' लावून, नवरा काय करतो ते सांगून. माझी ओळख करून द्यायची वेळ आली तेव्हा तो जरा अडखळला, कारण माझं लग्न झालेलं नाही. मग म्हणाला, "आणि ह्या आपल्या करमाडच्या." मला ते आवडलं, खरं सांगते. निदान गाव तरी माझं राहिलं!

पण मी इथे दुसऱ्यांच्या चुका सांगायला उभी नाही. त्या नऊ जणींना मी तरी कुठे शोधलं होतं? त्यातली एक तर माझी एसटीतली जोडीदारीण होती. तिचं नाव मी इथे घेऊ शकत नाही, तिच्या घरी ते चालणार नाही. ती बदनापूरला जालन्याच्या गाडीत चढायची आणि शेजारच्या सीटवर रुमाल टाकून ठेवायची. गाडी करमाडला येईपर्यंत खचाखच भरलेली असायची, पण माझी जागा राखलेली असायची. त्या रुमालावरून ती किती जणांशी भांडली असेल! सिडको स्टँडवर उतरून पुढे सिटी बसने विद्यापीठ गेट. दोन वर्षं आम्ही असं केलं. परीक्षा संपली आणि त्याच महिन्यात तिचं लग्न झालं. लग्नाला मी गेले होते. तांदळाचं ताट पुढे आलं, नवऱ्याने अंगठीने त्यात नवं नाव लिहिलं, बायांनी उखाणे घेतले, पेढे वाटले. आडनाव बदललंच, तिचं स्वतःचं नावही बदललं. तिच्या वहीवर, हॉलतिकिटावर, माझ्या मोबाईलमध्ये जे नाव होतं ते त्या दुपारी संपलं. मीही पेढा खाल्ला.

२०१४ साली तिने मला तीनदा फोन केला होता. मी एका प्रशिक्षणात होते, विषय कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ सालचा कायदा. "नंतर करते" असा मेसेज पाठवला. केला नाही. पुढे तो नंबर बंद झाला. मेळाव्यात सतरा जणांची भाषणं ऐकताना माझ्या डोक्यात तेवढंच चाललं होतं.

आमच्या विद्यापीठाचंच बघा. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जाळली गेली, माणसं मारली गेली. एका नावासाठी लोकांनी पंधरा-सोळा वर्षं लढा दिला, तेव्हा कुठे १४ जानेवारी १९९४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे नाव मराठवाडा विद्यापीठाला लागलं. आजही त्या दिवशी गेटवर माणसांची रीघ लागते. नाव म्हणजे नुसती पाटी नसते, ती माणसाची प्रतिष्ठा असते, हे मराठवाड्याला कुणी शिकवायला नको. आणि त्याच गेटमधून बाहेर पडलेल्या मुलीचं नाव अर्ध्या तासात, वाजत-गाजत पुसलं जातं, तेव्हा आपल्याला त्यात काहीच वावगं वाटत नाही. या दोन गोष्टी एका मापाच्या आहेत असं मी म्हणत नाही. तिथे रक्त सांडलं आहे. पण त्या लढ्यातून जे शिकलो ते घरात का वापरत नाही, एवढंच विचारते.

ही रीत जुनी आहे. आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या, हे आपण शाळेत शिकतो. त्यांचं माहेरचं नाव यमुना होतं, हे किती जणींना ठाऊक आहे? फुले दांपत्याच्या शाळेतली मुक्ता साळवे, चौदा वर्षांची मुलगी. तिने १८५५ साली मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला, तो 'ज्ञानोदया'त छापून आला. निबंध आजही वाचला जातो, पण मुक्ताचं पुढचं आयुष्य इतिहासाला सापडत नाही.

तर मेळाव्यानंतर आम्ही तिघींनी ठरवलं की उरलेल्या नऊ जणींना शोधायचं. एकीकडे क्षेत्रकार्याच्या गटांची जुनी यादी निघाली. त्यात प्रत्येकीचा कायमचा पत्ता होता. कायमचा म्हणजे माहेरचा! पण तोच कामाला आला. एसटीचं अर्धं तिकीट २०२३ पासून आहेच. रविवारी निघायचं, माहेरच्या गावी जायचं, घर विचारायचं. बहुतेक ठिकाणी आई भेटायची, ती लगेच चहा टाकायची आणि नंबर द्यायची. भाऊ भेटला तर आधी विचारायचा, "कशाला पाहिजे?"

माझ्या जोडीदारणीचा भाऊही तसंच म्हणाला. "ताई, तिच्या सासरची माणसं कडक आहेत. नंबर नाही आमच्याकडं." मी ओट्यावर बसून राहिले. तिची आई आतून बाहेर आली आणि त्याच्यासमोरच बोलली, "औंदा हक्कसोडाच्या सहीला तिला रजिस्ट्रीत नेलं, तवा कसा लागला फोन?"

तुम्ही हसलात, कारण तुम्हाला ते माहीत आहे. शेंद्र्याची एमआयडीसी झाली, ऑरिक झालं, समृद्धी महामार्ग झाला. या पट्ट्यातल्या कितीतरी जमिनी गेल्या, मावेजा आला. तेव्हा वीस वीस वर्षं न विचारलेल्या बहिणी बरोबर सापडल्या. कुठे दिली आहे, कोणत्या गल्लीत राहते, कोणत्या नावाने राहते, सगळं सापडलं. साडी-चोळी झाली, सही झाली. महाराष्ट्रात १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क देणारी दुरुस्ती झाली, पण तिच्यातून आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. २००५ साली केंद्राने तो हक्क सगळ्या मुलींना दिला. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा हक्क जन्मानेच आहे, २००५ साली बाप हयात होता की नव्हता याच्याशी त्याचा संबंध नाही. तो हक्क सोडून घ्यायला बाई लागते म्हणून ती सापडते. वर्गाच्या मेळाव्याला तिच्याकडून काही सोडून घ्यायचं नसतं.

नऊपैकी सात जणी आम्हाला सापडल्या. एक अंगणवाडी सेविका आहे. एक कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. एक पुण्याला आहे, तिचा फोन आधी नवरा उचलतो. बाकीच्यांचं सगळं सांगत बसत नाही. मात्र एक गोष्ट सातही जणी बोलल्या. "मला वाटलं, तुम्ही मला विसरलात." मुलांपैकी एकानेही असं म्हटलं नव्हतं.

माझी जोडीदारीण जालन्यात भाड्याच्या दोन खोल्यांत राहते. नवरा सळईच्या कारखान्यात कामाला आहे. ती मुलांच्या शिकवण्या घेते. मला बघून तिने पहिलं काय विचारलं असेल? "अजून एसटीनंच फिरायलीस का?" मग तीनदा फोन केल्याचं मी काढलं. ती म्हणाली, "जाऊ दे, ते दिवस गेले." तेव्हा तिला काय हवं होतं ते तिने सांगितलं नाही. मीही पुन्हा विचारलं नाही.

बोलता बोलता कळलं की तिने समुपदेशक पदाची जाहिरात पाहिली होती, पण अर्ज केला नाही. पदवी प्रमाणपत्रच नव्हतं. लग्नाच्या घाईत ते मागायचं राहिलं आणि चौदा वर्षं राहूनच गेलं. गुणपत्रिका होत्या, पेटीत, पिशवीत बांधलेल्या. त्यावर एक नाव आणि आधारकार्डावर वेगळं. एक अक्षर जुळत नाही. ही बाई तीच आहे याचा कागद नाही, कारण लग्नाची नोंदच केलेली नव्हती.

हे तुमच्यापैकी अनेकींनी २०२४ साली लाडकी बहीणच्या रांगेत भोगलं आहे. टीसीवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच. म्हणून दोन कामाच्या गोष्टी सांगते. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असं कोणत्याही कायद्यात लिहिलेलं नाही. ती रीत आहे, सक्ती नाही. आणि ज्यांनी बदललं आहे त्यांनी लग्नाची नोंद करून दाखला घ्यावा. खेड्यात ती ग्रामपंचायतीत होते. माहेरच्या नावाचा एकही कागद फाडू नये, टाकू नये. सरकारने १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचं नाव आणलं, चांगलं केलं. पण त्याच निर्णयात विवाहित बाईच्या नावापुढे नवऱ्याचं नाव ही जुनी पद्धत तशीच ठेवली. तेव्हा कोणत्या आईचं कोणतं नाव, हा घोळ मिटलेला नाही.

तिच्या लग्नाची नोंद करायला दीड महिना गेला. नवऱ्याने आधी आढेवेढे घेतले, मग सही केली. त्यानंतर आम्ही दोघी विद्यापीठात पदवीचा अर्ज द्यायला निघालो. ती जालन्याहूनच गाडीत बसली होती. मी फाट्यावर उभी होते, गाडी भरलेली होती, आणि खिडकीशेजारच्या सीटवर तिने रुमाल टाकला होता. एक माणूस तिच्याशी हुज्जत घालत होता.

विद्यापीठात बाकावर बसून अर्ज भरायला घेतला. गुणपत्रिकेवर आहे तसंच नाव लिहायचं होतं. आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. तिने आडनाव लिहिलं, थांबली, पेन झटकलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "थांब गं जरा. लई दिवसांनी लिहायलेय."