युद्धाचा खर्च कुणाच्या नावावर?

गटाच्या बैठकीला जमलेल्या, बांधावर रेडिओ लावून खुरपणी करणाऱ्या, भाकऱ्या थापता थापता ऐकणाऱ्या तुम्हा सगळ्याजणींना आमचा नमस्कार.

आज आपण दुसऱ्या महायुद्धाबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, ऐंशी वर्षांपूर्वीची ती लढाई, तिचं आता काय? विषय घेण्याचं कारण सांगतो. हल्ली मोबाइलवर कुठल्या ना कुठल्या लढाईची चित्रं सारखी येतात. विमानं, रणगाडे, धूर. पारावर बोलणं निघतं, ‘एकदाचा सोक्षमोक्ष लावून टाका.’ अशा वेळी आपण बायका बहुतेक गप्प बसतो. हा आपला विषय नाही, असं आपल्याला वाटत आलंय. आम्हाला वाटतं, तो आपलाच विषय आहे. कारण लढाई कुणीही पुकारली तरी तिचा खर्च घराघरातून वसूल होतो. गटाच्या वहीत आपण पै-पैची नोंद करतो ना? तसा या युद्धाचा हिशोब आज मांडून बघू.

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीनं पोलंडवर हल्ला केला, तिथून युरोपात युद्ध पेटलं. आशियात जपान आणि चीन यांची लढाई त्याच्या दोन वर्षं आधीपासूनच चालू होती. २ सप्टेंबर १९४५ रोजी जपाननं शरणागतीच्या कागदावर सही केली, तेव्हा सगळं थांबलं. तोवर सहा ते आठ कोटी माणसं गेली होती. म्हणजे आजच्या महाराष्ट्रातली जवळपास निम्मी माणसं. आणि यातली निम्म्याहून जास्त माणसं सैनिक नव्हतीच. त्यांच्या हातात बंदूक नव्हती. कुणी बॉम्बनं मेलं, कुणी छावणीत मारलं गेलं, आणि लाखो माणसं नुसत्या भुकेनं गेली.

भुकेपासूनच सुरुवात करू, कारण भूक म्हणजे काय हे बाईला सांगावं लागत नाही.

तेव्हाच्या सोव्हिएत रशियात लेनिनग्राड नावाचं मोठं शहर होतं. सप्टेंबर १९४१ मध्ये जर्मन फौजांनी त्याला वेढा घातला. तो वेढा ८७२ दिवस चालला. धान्य येण्याच्या वाटा बंद झाल्या. पहिल्याच हिवाळ्यात अशी वेळ आली, की कारखान्यात काम करणाऱ्याला दिवसाला २५० ग्रॅम पाव आणि बाकी सगळ्यांना १२५ ग्रॅम. आपली ज्वारीची एक भाकरी साधारण तेवढ्याच वजनाची असते. एका भाकरीवर अख्खा दिवस काढायचा, तोही हाडं गोठवणाऱ्या थंडीत. त्या पावाच्या पिठातसुद्धा लाकडाचा लगदा मिसळलेला असे.

आता ऐका. घर सांभाळणाऱ्या बाईची नोंद त्या शिधापत्रिकेवर ‘दुसऱ्यावर अवलंबून’ अशी होती. म्हणून तिला १२५ ग्रॅम. बर्फातून पाणी ओढून आणणारी ती, पावाच्या रांगेत पहाटेपासून उभी राहणारी ती, आजारी सासूला आणि लेकरांना सांभाळणारी ती. पण कागदावर ती काही काम करत नव्हती. हे वाक्य आपल्याला ओळखीचं वाटतं, नाही का?

त्या शहरात तान्या सॅविचेव्हा नावाची अकरा वर्षांची मुलगी होती. तिनं एका छोट्या वहीत घरातल्या माणसांच्या मरणाची नोंद ठेवली. नाव, तारीख, वेळ. आधी बहीण, मग आजी, मग भाऊ, मग दोन काका, आणि मे १९४२ मध्ये आई. पाच महिन्यांत सहा माणसं. तान्याला नंतर शहराबाहेर नेलं, पण भुकेनं खंगलेलं शरीर सावरलं नाही. १९४४ साली तीही गेली. त्या वेढ्यात आठ लाखांहून जास्त लोक मेले, बहुतेक उपासमारीनं आणि थंडीनं. सगळ्या सोव्हिएत देशाची माणसं मोजली तर आकडा २ कोटी ७० लाखांच्या आसपास जातो. युद्ध जिंकलेल्या देशाचा हा आकडा आहे. तिथल्या कितीतरी गावांत धडधाकट पुरुष उरला नव्हता. घोडे आणि ट्रॅक्टर फौजेनं नेलेले. तेव्हा बायकांनी स्वतः नांगर ओढून शेतं नांगरली.

लेनिनग्राडला शत्रूनं वेढलं होतं. पण जिथे शत्रूची फौज पोचलीच नाही, तिथेही युद्धानं चुली विझवल्या. ती जागा आपल्याच देशात होती. बंगाल, साल १९४३.

तेव्हा आपल्यावर इंग्रजांचं राज्य. हिंदुस्थान युद्धात उतरला असल्याचं व्हाइसरॉयनं ३ सप्टेंबर १९३९ रोजी परस्पर जाहीर केलं. इथल्या पुढाऱ्यांना विचारलंही नाही. १९४२ मध्ये जपाननं ब्रह्मदेश घेतला आणि तिथून येणारा तांदूळ थांबला. जपानी फौज बंगालच्या किनाऱ्यावर उतरली तर तिच्या हाती काही लागू नये, म्हणून सरकारनं किनाऱ्यालगतचा तांदूळ उचलला. हजारो होड्या जप्त केल्या, मोडल्या. त्या होड्यांवर मासेमारी चालायची, धान्याची ने-आण चालायची. त्यातच ऑक्टोबर १९४२ मध्ये मोठं वादळ झालं. फौजेसाठी आणि कलकत्त्यासाठी धान्य खरेदी चालू होती, व्यापारी साठे करत होते. तांदळाचा भाव कितीतरी पटींनी चढला.

भाव चढला की आधी कोण मरतं? ज्याच्या घरात धान्याची कणगी नाही तो. शेतमजूर, कोळी, गावातला कारागीर. बायका मुलांना घेऊन कलकत्त्याला चालत गेल्या. दारोदार त्या भात मागत नव्हत्या, भाताचं काढून टाकलेलं पाणी मागत होत्या. त्या दुष्काळात आणि त्यामागून आलेल्या रोगराईत सुमारे ३० लाख माणसं गेली. त्यांचं नाव कुठल्या युद्धस्मारकावर नाही, कारण ती रणांगणावर पडली नाहीत. पण तो खर्च युद्धाचाच होता. त्याच १९४३ साली मुंबईत रेशनकार्डावर धान्य देणं सुरू झालं. आज आपल्या कपाटात जे रेशनकार्ड आहे, त्याची सुरुवात त्या युद्धकाळातली आहे.

आता एक गोष्ट कोल्हापूरची. तिकडच्या मैत्रिणी साड्या घ्यायला गांधीनगरला जातात. त्या ठिकाणी, वळिवडे गावाजवळ, १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश माणसं राहत होती. पोलंड कुठे आणि कोल्हापूर कुठे? झालं असं, की १९३९ मध्ये पोलंडचे दोन तुकडे झाले. एका बाजूनं जर्मनी घुसला, दुसऱ्या बाजूनं रशिया. रशियाच्या ताब्यातल्या भागातून लाखो पोलिश लोकांना मालगाड्यांत भरून सायबेरियाकडे नेलं. पुढे जर्मनीनं रशियावरच हल्ला केला, तेव्हा यातल्या काहींची सुटका झाली. भुकेले, आजारी असे ते लोक इराणमार्गे बाहेर पडले आणि त्यातले काही हजार हिंदुस्थानात आले. वळिवड्याच्या छावणीत बहुतेक बायका आणि मुलंच होती. त्यांनी तिथे शाळा चालवल्या, चर्च उभारलं, संसार मांडले. काहीजण तिथेच वारले, त्यांच्या कबरी कोल्हापुरात आहेत.

मागे त्यांच्या देशात काय उरलं होतं? पोलंडचे सुमारे ६० लाख लोक मारले गेले. दर पाच माणसांमागे एक. त्यातले निम्मे ज्यू होते. आणि पोलिश लोक परत गेल्यावर त्याच छावणीत कोण राहायला आलं, ठाऊक आहे? फाळणीत घरदार सोडून आलेले सिंधी लोक. गांधीनगर वसलं ते असं. निर्वासितांची एक पिढी उठून गेली आणि त्याच छपरांखाली दुसरी आली.

आता जी बाजू हरली, तिचंही पान उघडू. युद्ध कुणी सुरू केलं हे विसरायचं नाही. जर्मनीच्या नाझी सरकारनं सुमारे ६० लाख ज्यू लोकांना ठरवून, पद्धतशीर मारलं. त्यात सुमारे १५ लाख मुलं होती. जपानी फौजांनी चीनमध्ये जे केलं, त्याची आठवण तिथे आजही जिती आहे. चीनची दीड ते दोन कोटी माणसं गेली. हे पाप झाकायचं नाही. तरीही जर्मनीत आणि जपानमध्ये घरं होती, घरात लेकरं होती. टोकियोवर ९-१० मार्च १९४५ च्या रात्री बॉम्ब पडले, तेव्हा एका रात्रीत सुमारे एक लाख माणसं जळाली. ६ ऑगस्टला सकाळी सव्वाआठला हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला. त्या सकाळी बारा-तेरा वर्षांची हजारो शाळकरी मुलंमुली रस्त्यावर कामाला लावलेली होती. बॉम्बची आग पसरू नये म्हणून मोकळी जागा हवी होती, त्यासाठी घरं पाडण्याचं काम चालू होतं. त्यातली बहुतेक परतली नाहीत. वर्ष संपेपर्यंत एकट्या हिरोशिमात सुमारे १ लाख ४० हजार लोक गेले. जे वाचले, त्यांच्या मुलींची लग्नं जमेनात, कारण रोग पुढच्या पिढीत येईल ही भीती. जर्मनीत पडलेल्या शहरांचा राडारोडा उपसायला बायकाच उभ्या राहिल्या, एकेक वीट साफ करून रचत. कारण पुरुष मेले होते, नाहीतर कैदेत होते.

एक खर्च असा, की तो पन्नास वर्षं कुठेच लिहिला गेला नाही. जपानी फौजेनं कोरिया, चीन, फिलिपाइन्स आणि इतर देशांतल्या मुलींना फसवून, जबरदस्तीनं सैनिकांसाठी डांबून ठेवलं. ज्या वाचल्या, त्या लाजेनं गप्प राहिल्या. खरं तर लाज दुसऱ्यांना वाटायला हवी होती. १९९१ साली कोरियातल्या किम हाक-सुन या बाई आपलं नाव आणि चेहरा न लपवता पुढे आल्या आणि काय झालं ते जगाला सांगितलं. त्यांच्यामागून इतरजणी बोलू लागल्या. १९९२ पासून सेऊल शहरात जपानच्या वकिलातीसमोर दर बुधवारी बायका जमू लागल्या. एकीनं तोंड उघडलं की बाकीच्यांना बळ येतं, हे आपल्या गटांना वेगळं सांगायला नको.

आणि आपले सैनिक? हिंदुस्थानच्या फौजेत त्या युद्धात सुमारे २५ लाख माणसं होती. त्यातले सुमारे ८७,००० मेले. आफ्रिकेचं वाळवंट, इटलीचे डोंगर, ब्रह्मदेशचं जंगल, कुठे कुठे पडले. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव भागातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत एकट्यानं मशीनगनवर चालून गेले आणि तिथेच पडले. वय बावीस. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांच्या शौर्याचा आपल्याला अभिमान आहेच. पण बावीस वर्षांच्या मुलाच्या घरी तार येते, तेव्हा त्या घरातल्या बाईचं पुढचं सगळं आयुष्य बदलतं. त्या आयुष्याला पदक नसतं.

मैत्रिणींनो, आपल्या सीमेवर उभ्या असलेल्या जवानांबद्दल कुणाच्याही मनात शंका नको. त्यांच्या आया, बायका, बहिणी हा कार्यक्रम ऐकतात. उलट त्यांच्यासाठीच आपण सांगायला हवं, की युद्ध हा मोबाइलवर बघायचा खेळ नाही. कुणी म्हणालं ‘होऊन जाऊ दे’, तर शांतपणे विचारा, ‘खर्च कुणाच्या नावावर टाकायचा?’

आणि दोन कामं करा. आपल्याकडे कितीतरी गावांत पहिल्या महायुद्धाची दगडी पाटी आहे. या गावातून इतके गेले, त्यातले इतके मेले, एवढंच तिच्यावर असतं. तुमच्या गावात असेल तर तिच्यावरची धूळ पुसा, ती वाचा. मग गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजीला विचारा, लढाईला गेलेल्यांच्या घरातल्या बायकांचं पुढे काय झालं. ती सांगेल ते गटाच्या वहीत लिहून ठेवा, त्या बाईच्या नावानिशी.

दुसरं, दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकाची विधवा तुमच्या गावात अजून असेल, तर तिला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात घेऊन जा. अशा विधवांसाठी राज्य सरकारचं मानधन आहे. ते तिला मिळतंय का, याची चौकशी करा. कागद जुने असतील, नाव वेगळं लागलं असेल, एकटीला ते झेपणार नाही. गट सोबत गेला तर काम होतं.

आजच्यापुरतं इतकंच. लिहून ठेवलेलं पुढच्या बैठकीत मोठ्यानं वाचा, आणि आम्हालाही कळवा.