पप्पांच्या गाडीचा मागचा दिवा: जुन्या छोट्या गाडीच्या लाईट का जातात?

हेडफोन लावून ऐकताय की गाडीत ऐकताय? गाडीत ऐकत असाल तर आजचा भाग खास तुमच्यासाठी आहे. आणि घरी एखादी दहा-पंधरा वर्षं जुनी छोटी गाडी असेल, तर मग हा भाग तुमच्या घरातल्या मोठ्यांनाही ऐकवा.

आधीच सांगते, मी मेकॅनिक नाही. कॉमर्स शिकलेय. पण गेल्या हिवाळ्यात एक प्रसंग घडला आणि त्यानंतर मला गाडीच्या दिव्यांबद्दल जरा जास्तच माहिती झाली.

आमचं गाव कराडजवळ. पप्पांची गाडी 2010 ची, छोटी हॅचबॅक. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण मी जे सांगणार आहे ते कुठल्याही कंपनीच्या जुन्या गाडीत होतं. तर त्या दिवशी शेजारच्या गावात साखरपुडा होता. परत निघायला रात्रीचे नऊ वाजले. गाडीत पप्पा, आई आणि आजी. मी मागून स्कूटरवर. ऊसतोडीचे दिवस, त्यामुळे रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग. पप्पांचं एक ठरलेलं वाक्य आहे, "या ट्रॉलीवाल्यांना मागं साधा रिफ्लेक्टर लावायला काय होतं?" दर हंगामात आम्ही ते ऐकतो.

गावाच्या अलीकडे शाळेजवळ स्पीडब्रेकर आहे. पप्पांनी ब्रेक मारला. मला कळलंच नाही! समोरची गाडी एकदम मोठी दिसायला लागली, मी दोन्ही ब्रेक आवळले, स्कूटर घसरत गेली आणि पुढचं मडगार्ड त्यांच्या बंपरला टेकलं. मला काही लागलं नाही. पण हातपाय थरथरत होते.

पप्पा उतरले ते ओरडतच. "अगं, लक्ष कुठं आहे तुझं?"

मी म्हटलं, "पप्पा, तुमच्या ब्रेकचे दिवेच लागत नाहीत."

"लागतात की! सर्व्हिसिंग केलंय."

"तुम्ही शेवटचे कधी बघितले?"

यावर ते काही बोलले नाहीत. मी म्हटलं, बसा आत आणि ब्रेक दाबा. दाबला. उजवीकडे नुसता पार्किंगचा मंद लाल दिवा होता, ब्रेकचा नाहीच. डावीकडे तर गंमतच. ब्रेकचा लाल दिवा जवळजवळ बंद आणि त्याच्या शेजारचा पिवळा इंडिकेटर अगदी बारीक पेटल्यासारखा. साईड दिलेली नसताना!

आता विचार करा. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला अंधारात काय दिसत असेल? उजवीकडे एक लाल ठिपका. त्याला वाटणार, मोटरसायकल चाललीय. तो त्या हिशोबाने डावीकडून काढायला गेला तर? तिथं आमची आजी बसलेली होती. मला त्या रात्री झोप लागली नाही, ती याच विचाराने.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गाडी वायरमनकडे नेली. गाड्यांची वायरिंग करणारे हे काका, वय साठीचं, दुकान म्हणजे एक पत्र्याची शेड. त्यांनी माझ्यासमोर एकेक गोष्ट तपासली. मी मोबाईलमध्ये नोट्स काढल्या. त्याच आज तुम्हाला सांगते.

काकांनी पहिला प्रश्न विचारला, "दोन्ही ब्रेकलाईट एकाच दिवशी गेल्या का?" आम्हाला माहीतच नव्हतं. ते म्हणाले, दोन्ही बाजू एकदम बंद पडल्या तर आधी फ्यूज बघायचा, मग ब्रेक पेडलच्या वरचा छोटा स्विच. कारण या दोन गोष्टी दोन्ही दिव्यांना सामाईक असतात. पण एक बाजू आधी गेली असेल आणि कुणी बघितलीच नसेल, तर मग दोन वेगळे बिघाडही असू शकतात.

मग त्यांनी टेस्ट लॅम्प काढला. टेस्ट लॅम्प म्हणजे काय, तर एक बल्ब आणि त्याला दोन वायरी. एक वायर गाडीच्या उघड्या लोखंडी भागाला, दुसरी दिव्याच्या होल्डरमधल्या पॉइंटला. मला ब्रेक दाबायला सांगितला. बल्ब पेटला. म्हणजे करंट होल्डरपर्यंत येतोय. फ्यूज ठीक, स्विच ठीक. एका मिनिटात अर्धी गाडी संशयातून सुटली!

उजव्या बाजूचा बल्ब बाहेर काढला. जुन्या गाड्यांत मागे बहुतेक वेळा एकाच काचेच्या बल्बमध्ये दोन तारा असतात. एक 5 वॅटची, ती पार्किंगची. दुसरी 21 वॅटची, ती ब्रेकची. आमची 21 वॅटची तार तुटलेली होती आणि 5 वॅटची शाबूत. म्हणून रात्री दिवा लागलेला दिसायचा आणि सगळं ठीक आहे असं वाटायचं. हा बल्ब बदलताना एक लक्षात ठेवा. त्याच्या दोन्ही बाजूच्या खिळ्या सारख्या उंचीवर नसतात, मुद्दाम वर-खाली असतात. एकाच दिशेने बसावा म्हणून. जोर लावून उलटा बसवला तर पार्किंगच्या जागी ब्रेक आणि ब्रेकच्या जागी पार्किंग लागतं.

आता डावी बाजू. इथं बल्ब चांगला होता! दोष होता अर्थिंगचा. करंट बल्बमधून जाऊन परत बॅटरीकडे यायला रस्ता लागतो आणि गाडीत तो रस्ता म्हणजे गाडीची बॉडी. डाव्या दिव्याची अर्थिंगची वायर जिथं बॉडीला स्क्रूने धरलेली होती, तिथं गंज चढला होता. सरळ रस्ता बंद, म्हणून करंट शेजारच्या इंडिकेटरच्या बल्बमधून उलटा घुसून पुढच्या इंडिकेटरमार्गे बॉडीपर्यंत पोचत होता. एवढे बल्ब ओळीने लागले की प्रत्येकाला थोडाथोडाच करंट मिळतो. म्हणून ब्रेक दाबल्यावर पिवळा दिवा बारीक पेटायचा. काका म्हणाले, "एक दाबलं की दुसरंच पेटतं, असं काही विचित्र दिसलं की आधी अर्थिंग बघायचं पोरी. बल्बाला दोष द्यायचा नाही." स्क्रू काढला, पॉलिश पेपरने लोखंड चकचकीत होईपर्यंत घासलं, परत आवळला, वर थोडं व्हॅसलिन लावलं, म्हणजे ओल धरत नाही. दिवा झक्क लागला. या कामात एकही नवीन वस्तू लागली नाही.

ब्रेकलाईटचा याच्या उलट आजारही असतो बरं का. पेडल सोडलं तरी दिवे चालूच. पेडलजवळ एक छोटा रबराचा किंवा प्लॅस्टिकचा तुकडा असतो, तो स्विच दाबून धरतो. जुना झाला की त्याचा भुगा होतो. मग रात्रभर ब्रेकलाईट पेटलेल्या आणि सकाळी बॅटरी ढुस्स. पायाशी प्लॅस्टिकचे तुकडे सापडले तर समजून जा.

आता इंडिकेटर. साईड दिल्यावर टिक-टिक आवाज येतो, तो नेहमीपेक्षा भरभर यायला लागला तर त्या बाजूचा एक बल्ब गेलाय. फ्लॅशरला कमी करंट ओढला जातोय हे कळतं आणि तो वेग वाढवतो. म्हणजे गाडी आपल्याला ओरडून सांगत असते, आपण गाण्याचा आवाज मोठा करतो! आणि दोन्ही बाजू बंद असतील तर फ्यूज, फ्लॅशर किंवा हॅझार्डचं बटण. बऱ्याच जुन्या गाड्यांत इंडिकेटरचा करंट हॅझार्डच्या बटणातून जातो. ते वर्षानुवर्षं कुणी दाबत नाही, आत कार्बन धरतो. दहा-बारा वेळा चालू-बंद करून बघा, कधीकधी तेवढ्यावरच काम होतं.

पुढे हेडलाईट. इथं पप्पांची पोल उघडली. काकांनी उजव्या हेडलाईटचा होल्डर ओढला तर तो वितळून बल्बला चिकटलेला. पप्पा हळूच म्हणाले, "मागं एकदा मोठे बल्ब टाकले होते, उजेड कमी पडतो म्हणून."

गोष्ट अशी आहे. या गाड्यांना कंपनीचा हॅलोजन बल्ब असतो 60/55 वॅटचा. म्हणजे अप्पर 60, डिप्पर 55. बाजारात 100/90 चाही मिळतो. पण वायर आणि होल्डर तर जुनेच ना! डिप्परला 55 च्या जागी 90 वॅट लावले की करंट दीडपटीहून जास्त वाढतो आणि सांध्यावर तयार होणारी उष्णता अडीच पटीहून जास्त. सांधा सैल असेल तर प्लॅस्टिक वितळणारच. आमच्याकडे मूळ वॅटचा बल्ब, नवीन होल्डर आणि एक रिले बसवला. रिले म्हणजे करंट बॅटरीकडून थेट दिव्याला आणि स्टिअरिंगजवळच्या स्विचवर भार नाही. उजेड वाढला, तोही मोठा बल्ब न लावता!

हॅलोजन बल्ब बसवताना काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल काचेला लागतं, तो भाग जास्त तापतो आणि बल्ब लवकर जातो. लागलंच तर स्पिरिटने पुसा. आणि एलईडीबद्दल विचारणार असाल, तर हॅलोजनसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये स्वस्तातला एलईडी घातला की उजेड रस्त्यावर कमी आणि समोरच्याच्या डोळ्यांत जास्त पडतो. समोरून आपल्यासारखीच एखादी मुलगी स्कूटरवर येत असते, एवढं आठवा.

काच पिवळी पडली असेल तर तोही उजेड खातो. ती काच नसतेच, पॉलिकार्बोनेट असतं. उन्हाने त्याचा वरचा थर खराब होतो. पाण्याचा बारीक पॉलिश पेपर आणि पॉलिश मारून ती स्वच्छ होते, पण वर ऊन अडवणारं कोटिंग दिलं नाही तर काही महिन्यांत पुन्हा पिवळी. दिव्यात पाणी साचत असेल तर मागचं रबराचं टोपण आणि काचेची कड बघा.

फ्यूजबद्दल एकच, पण महत्त्वाचं. फ्यूजचा रंग बघायचा. लाल 10 अँपिअर, निळा 15, पिवळा 20. उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा टाका. परत उडाला तर वायर कुठंतरी घासलीय, ती शोधा. तार गुंडाळून चालवणं म्हणजे आगीला आमंत्रण.

आता तुमचा गृहपाठ. मागचे दिवे बघायला दुसरा माणूस लागतो, म्हणून आपण बघतच नाही. पण मोबाईल आहे ना! रात्री गाडीच्या मागे चार-पाच पावलांवर मोबाईल विटेला टेकवून उभा करा, व्हिडिओ चालू करा. मग क्रमाने: पार्किंग, ब्रेक, डावी साईड, उजवी साईड, हॅझार्ड. रिव्हर्सच्या दिव्यासाठी इंजिन बंदच ठेवा, हँडब्रेक ओढा, फक्त चावी फिरवून गिअर टाका. नंबर प्लेटचा दिवाही बघा. मग मोबाईल पुढे ठेवून पार्किंग, डिप्पर, अप्पर आणि दोन्ही साईड. पाच मिनिटांचं काम. खासगी गाडीला 15 वर्षं झाली की नोंदणी वाढवताना तपासणी होते, तिथंही दिवे बघतात. पण त्यासाठी थांबू नका.

आमचा एकूण खर्च काकांच्या मजुरीसकट हजाराच्या आत आला. निघताना काकांनी पप्पांना विचारलं, "साहेब, किती दिवस असं चालवत होता?" पप्पा म्हणाले, "माहीत नाही." मला ते उत्तर आवडलं. खरं होतं.

परवा पुन्हा गावी गेले होते. संध्याकाळी पप्पा गाडी काढत होते. एक ट्रॉली समोरून गेली, मागं रिफ्लेक्टर नव्हता. मी त्यांच्या ठरलेल्या वाक्याची वाट बघत होते. ते मला म्हणाले, "जरा मागं जाऊन उभी राहा गं. ब्रेक दाबतो."

मी गेले. दोन्ही लागत होते.

तर मंडळी, आज रात्री तो व्हिडिओ काढाच. काय सापडलं ते मला नक्की कळवा. पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत गाडी सावकाश चालवा!