दुःख आणि ईश्वरी प्रेम : ज्यूंचा विचार

सज्जनाच्या घरी दुःख का यावे, या प्रश्नाला आपल्याकडे पूर्वसंचित हे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या तयार आहे. ज्या ज्यू पंडितांच्या चर्चांतून ताल्मुद सिद्ध झाला, त्यांच्यापाशी हा आधार नव्हता. जन्म एकच आणि देवही एकच. तो न्यायी, शिवाय प्रेमळ. मग निरपराध माणसाच्या यातनांचा हिशेब लावायचा कसा?

त्यांनी एक क्रम सांगितला आहे. संकट आले की प्रथम आपली वागणूक तपासावी. तिथे काही सापडले नाही, तर धर्मग्रंथाच्या अभ्यासात हयगय झाली काय ते पाहावे. तीही नसेल, तर या प्रेमाच्या यातना आहेत असे समजावे. बाप लाडक्या मुलालाच अधिक दटावतो, तशातल्या. हिब्रूत यांना ‘यिस्सुरिन शेल अहवा’ म्हणतात.

ऐकायला हे बरे वाटते. पण आजाऱ्याच्या उशाशी बसून हे सांगून पाहा! ताल्मुदकारांनाही ते जाणवले असावे. कारण हा सिद्धांत जिथे आला आहे, तिथेच त्यांनी लगोलग तीन आजारपणांच्या हकिगती दिल्या आहेत.

गोष्ट तिसऱ्या शतकातली, गालील सरोवराकाठच्या तिबेरिया गावच्या रब्बी योहानान या आचार्यांची. त्यांचे शिष्य रब्बी हिय्या आजारी पडले. आचार्य भेटीला गेले आणि त्यांनी विचारले, की ही दुःखे तुम्हांला प्रिय आहेत का? शिष्याने आढेवेढे न घेता सांगून टाकले, की दुःखेही नकोत अन् त्यांच्याबद्दल मिळणारे बक्षीसही नको. आता आचार्य रागावले असतील, असे आपल्याला वाटेल. छे! त्यांनी फक्त हात मागितला आणि शिष्याला उठवले.

पुढे योहानान स्वतःच अंथरुणाला खिळले. रब्बी हनिना आले. तोच प्रश्न, तेच उत्तर, तसाच हात. इथे ताल्मुद मार्मिक शंका काढतो : दुसऱ्याला उठवणाऱ्याला स्वतः का उठता येऊ नये? तर कैद्याला स्वतःची सुटका स्वतः करता येत नाही, म्हणून.

तिसऱ्या वेळी रब्बी एलाझार अंधाऱ्या खोलीत पडून होते. योहानान मोठे देखणे. त्यांनी बाही वर करताच म्हणे खोलीत उजेड पडला. पाहतात तो एलाझार रडताहेत. अभ्यास थोडा झाला म्हणून? गरिबी म्हणून? मुलंबाळं नाहीत म्हणून? एकेका कारणावर योहानान समजूत घालत गेले. शेवटी त्यांनी जवळ बाळगलेले आपल्या दहाव्या मुलाचे हाड दाखवले. दहा मुलं गमावलेला माणूस हा! एलाझार म्हणाले, यांतले काहीच नाही. हे तुमचे रूप एक दिवस मातीत कुजणार, म्हणून रडतो. यासाठी मात्र रडायलाच हवं, असे योहानानांनी कबूल केले. दोघेही रडले. हात पुढे झाला तो त्यानंतर. समजुतीचे शब्द संपल्यावर.

बाराव्या शतकातील थोर तत्त्वज्ञ मैमोनिडीस यांना तर प्रेमाच्या यातना ही कल्पनाच पटली नाही. मूळ शास्त्रात तिला आधार नाही, असे त्यांचे मत होते. त्यांचा धाकटा भाऊ दावीद व्यापारासाठी निघाला असता हिंदी महासागरात बुडाला, आणि ते सुमारे वर्षभर अंथरुणावर होते, हेही इथे सांगायला हवे.

मग देवाचे प्रेम कुठे शोधायचे? ज्यू परंपरेत याला आणखी एक उत्तर आहे, आणि मला ते अधिक खोल वाटते. देव दुःख धाडून दूर बसत नाही, तो त्यात वाटेकरी होतो. मोशेशी तो काटेरी झुडपातून बोलला, कारण त्याचे लोक काट्यांत होते. लोक परागंदा झाले, तेव्हा शेखिना, म्हणजे देवाचे सान्निध्य, त्यांच्यामागून गेले. एकांतात बसून रडण्याची देवाची एक जागा आहे, असेही ताल्मुदात आले आहे.

ही जागा पुन्हा आठवली ती वॉर्सा शहरात. 1939 च्या सप्टेंबरात जर्मन हल्ल्यात रब्बी कालोनिमस शापिरा यांचा मुलगा व सून गेली. पुढे ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत ते 1942 च्या उन्हाळ्यापर्यंत प्रवचने करीत राहिले. देवाचे दुःख अमर्याद आहे, ते जगाला सोसवणार नाही, म्हणून तो आतल्या दालनात रडतो. आणि माणसाला अभ्यासाच्या वाटेने तिथे जाऊन त्याच्यासह रडता येते, असे ते सांगत. 1943 साली नाझींनी त्यांना ठार मारले. पुरून ठेवलेली हस्तलिखिते युद्धानंतर सापडली आणि 1960 साली इस्रायलमध्ये छापली गेली.

त्यांत एक टीप आहे. अशी संकटे आपल्या पूर्वजांवरही आली होती, असा धीर त्यांनी आधी लोकांना दिला होता. 1942 च्या अखेरीस, वस्तीतले बहुतेक लोक नेले गेल्यावर, त्यांनी लिहिले, की ते म्हणणे त्या वर्षाच्या मध्यापर्यंतच खरे होते. त्यानंतर जे घडले त्याला पूर्वी तोड नाही. आधीचा मजकूर त्यांनी खोडला नाही. त्याला ही टीप जोडली, आणि कागद जमिनीत गेले.